फादर, लहान मुलांचा उपवासकाळ घरी होऊ द्या

आमच्या धर्मग्रामाचे फादर, धर्मशिक्षणाच्या सिस्टर, रविवारचे क्लास घेणारे टीचर आणि पॅरिश कौन्सिलची सगळी मंडळी, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगते. वाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दोन ओळी टाकून बघितल्या होत्या, खाली हात जोडलेल्यांची रांग लागली आणि विषय तिथेच संपला, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं उघडच लिहितेय.

२०२७ चं कॅलेंडर एकदा उघडून बघा. आपला उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, सुरू होतो तो राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, गुड फ्रायडे २६ ला, ईस्टर २८ ला. आणि होळीची पुनव? २२ मार्च. म्हणजे आपला अख्खा पवित्र आठवडा आणि गावचा शिमगा एकमेकांच्या अंगावर येणार. तसं यात नवल काही नाही, दोघांचाही हिशोब चंद्रावरच, २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पुनव येते तिच्यानंतरचा रविवार म्हणजे आपला ईस्टर आणि फाल्गुनातली पुनव म्हणजे होळी, मग ज्या वर्षी तीच एक पुनव दोघांच्या वाट्याला येते त्या वर्षी असं होतं. ह्या वर्षी होळी मार्चच्या सुरुवातीलाच होऊन गेली आणि ईस्टर ५ एप्रिलला होता त्यामुळे कोणाला काही जाणवलं नाही. पुढच्या वर्षी मात्र रस्त्यावर पालखी असणार, ढोल वाजणार, शेजारची पोरं शबय, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागत फिरणार, आणि आपली पोरं त्याच आठवड्यात रोज संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये नाटकाची प्रॅक्टिस करत बसणार? बसणार नाहीत हो, मन सगळं बाहेर. आणि मग आपण त्यांना ओरडणार.

मला म्हणायचंय ते एवढंच की दहा वर्षांच्या आतल्या पोरांचा उपवासकाळ हॉलमधून काढा आणि घरी द्या. आम्ही करतो. तुम्ही आम्हाला थोडा वेळ मोकळा द्या आणि माहिती नीट द्या, बाकी घरात सगळं आहे.

आत्ता काय चालतं ते तुम्हाला माहितीच आहे तरी लिहिते. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखाची चौदा स्थानं घेत करायची प्रार्थना, मोठ्यांचीच, लहान पोरं चौथ्या स्थानापर्यंत गुडघे टेकतात, सातव्याला बाकाखाली, दहाव्याला आईच्या मांडीवर झोप. शनिवारी नाटकाची प्रॅक्टिस. रविवारी क्लासमध्ये चार्ट, कोणी काय सोडलं, चॉकलेट सोडलं एक स्टार, आइस्क्रीम सोडलं एक स्टार, आणि जिच्या घरी चॉकलेट महिन्यातून एकदा येतं ती पोरगी काय सोडणार हो, तिच्या नावापुढे रिकामंच. त्यातून ज्या पोराला सगळ्यात जास्त स्टार त्याला बक्षीस, आणि बक्षीस काय तर चॉकलेटचा डबा. हे मी विनोदाने लिहीत नाहीये, झालेलं आहे.

त्यात आणि त्या झेरॉक्स. नेटवरून काढलेल्या. बर्फ वितळतोय, ट्युलिप उगवतंय, ससा टोपली घेऊन चाललाय, रंगवा. आमच्या पोरांनी ट्युलिप बघितलेलं नाही, आणि मार्च महिन्यात आपल्याकडे काय वितळतं तर माणूस. दाराबाहेर काजूला बोंडू लागलेत, आंब्याला कैऱ्या लोंबतायत, सुरंगीचा वास सुटलाय आणि पोरं आत बसून बर्फाला निळा रंग देतायत. टीचर लोक मेहनत घेतात, कोणी पगार देत नाही त्यांना, मला त्यांना नाव ठेवायचं नाही. पण ह्या झेरॉक्सचे पैसे वाचवा.

आता नियमांचं. मागे एका मुलाचा वाढदिवस उपवासकाळातल्या शुक्रवारी आला, घरात चिकन केलेलं, आणि पोरगा रडत बसला की क्लासमध्ये सांगितलंय शुक्रवारी चिकन खाल्लं तर पाप लागतं. सात वर्षांचा. मोठ्यांनी त्या दिवशी चिकन करायला नको होतं हे एक वेळ मान्य, पण त्या पोराला पाप कुठून लागलं? चर्चच्या कायद्यात कलम १२५२ आहे, त्यात सरळ दिलंय, मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना, आणि उपवासाचा नियम अठरा पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत. आणि त्याच कलमात पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे, की वयामुळे ज्यांना नियम लागू नाही त्यांनाही प्रायश्चित्ताचा खरा अर्थ समजेल असं धर्मगुरूंनी आणि आईवडिलांनी बघावं. आईवडिलांनीसुद्धा, असं आहे त्यात. म्हणजे हे काम आमच्या अंगावर आधीपासूनच टाकलेलं आहे, मी नवीन काही मागत नाहीये.

मग घरात काय करायचं असं तुम्ही विचाराल. आम्ही काय करतो ते सांगते, यातलं थोडं सासूबाईंचं, थोडं शेजारणीचं, थोडं पोरांनीच काढलेलं.

शुक्रवार घ्या. नियम म्हणतो मांस नको, मासे चालतात. आता घाटावर ठीक आहे, पण आपल्या किनाऱ्यावर मटण सोडून सुरमई खाणं हा त्याग? त्याला आपण मेजवानी म्हणतो. म्हणून आमच्याकडे उपवासकाळातल्या शुक्रवारी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला पापड, बस. आणि मासेवाली दारात आली की तिला नको म्हणायचं काम धाकटीचं. पाटी खाली ठेवायच्या आधीच ही पायरीवर उभी, आज नको गो मावशी. पहिल्या वेळी मासेवालीच तिला समजवायला लागली, अगो शुक्रवारी तुमका मटन बंद मां, मासे चलतत तुमका! तिला आपले नियम आपल्या पोरांपेक्षा पाठ, इतकी वर्षं धंदा करतेय ती चर्चच्या वाडीत. तेवढ्यात पाटीवरचं फडकं बाजूला झालं, आत बांगडे, एकदम ताजे, डोळे चमकतायत, आणि पोरीने एकदा बांगड्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि परत म्हणाली, नको. ते जे मध्ये थांबणं होतं ना फादर, ते कुठल्या चार्टवर बसणार? आणि मग त्या दिवशी माशाला जे पैसे गेले असते ते मी तिच्या हातात देते, ती गरिबांसाठीच्या गल्ल्यात टाकते. मासेवालीचं नुकसान नको म्हणून शनिवारी दोन वाटे जास्त घेतो, हे आपलं असंच.

गल्ला मातीचा, फोडायचा. प्लॅस्टिकचा डबा नको कारण त्याचं झाकण निघतं आणि मोठा मुलगा हुशार आहे. त्यात फक्त आईबापाचे पैसे पडले तर त्यात पोरांचं काय, म्हणून काजू. उपवासकाळ आणि काजूचा सीझन आपल्याकडे बरोबरच चालतात ही देवाची कृपाच म्हणायची. सकाळी शाळेच्या आधी परसातल्या दोन झाडांखाली पडलेले बोंडू पोरांनी गोळा करायचे, बी पिळून वेगळी काढायची, बोंडू गुरांना, बिया सुपात घालून उन्हात. ती दोन झाडं उपवासकाळापुरती गल्ल्याची, असं ठरलेलं, त्याच्या बिया घरच्या पोत्यात टाकायच्या नाहीत. मग दुकानावर पोरांनीच न्यायच्या, वजन करून घ्यायचं, भाव विचारायचा, पैसे मोजायचे. दुकानदार पोरांशी मोठ्या माणसांसारखं बोलतो, ओली आहे म्हणून भाव कमी करतो, पोरं घासाघीस करतात. परत येताना खिशात पैसे आहेत आणि वाटेत बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी आहे. कोणी सांगायला लागत नाही की मोह म्हणजे काय. एकदा दहा रुपये कमी आले, मी विचारलं नाही, दोन दिवसांनी आले परत गल्ल्यात, कुठून आले तेही विचारलं नाही.

चाळीस दिवस मोजायचे कसे, तर चिंचोक्यांनी. वाटीत चाळीस चिंचोके, रोज एक उचलून दुसऱ्या वाटीत. मोठ्याने कॅलेंडरवर मोजले तर राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस झाले, आला भांडायला. त्याला सांगितलं मधले सहा रविवार काढ, रविवार उपवासाचा नसतो, येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस तो. त्या दिवशी चिंचोका उचलायचा नाही आणि खीर करायची. आता रविवारी खीर हवीच म्हणून हट्ट असतो, तेवढं सांभाळतो.

काट्यांच्या मुकुटाचं तुमच्या झेरॉक्समध्येही होतं, कणकेत मीठ घालून मुकुट करा, टूथपिक खोचा, चांगलं काम केलं की एक काढा. कल्पना चांगली, पण आपल्या हवेत मीठ पाणी सोडतं, आठवड्यात मुकुट घाम आल्यासारखा ओला झाला, नंतर बुरशी आणि मुंग्या. ज्यांनी हे लिहिलंय ते कोरड्या हवेत राहतात. सासूबाईंनी काय केलं, भाताच्या पेंढ्याची चुंबळ वळली, डोक्यावर घागर घ्यायला वळतात तशीच, आणि करवंदीचे काटे कापून आणून तिच्यात खोचले. काटे मोठ्यांनीच कापायचे आणि खोचायचे, ते काटे साधे नव्हेत, दुफाटे असतात आणि मोडले तर आत राहतात. काढायचं काम पोरांचं. काढताना थोडं टोचतंच. कोणाची खोडी काढली तर काटा परत आत, हा नियम पोरांनीच केला, मला जरा कडक वाटला पण मी मध्ये पडले नाही. पुनरुत्थानाच्या रविवारी त्या चुंबळीत सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, गुंडाळायचा. सुरंगी संपली असेल तर अबोली.

आल्लेलूयाचं पण करून बघा, अगदी सोपं आहे. उपवासकाळात मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आल्लेलूया हा देवाच्या स्तुतीचा शब्द गात नाहीत हे मोठ्यांनाही लक्षात येत नाही. राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री पोरांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचं, रंगवायचं आणि आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून कुलूप. किल्ली आजीच्या कमरेला. धाकटी आठवड्यातून एकदा तरी विचारते, आहे ना गं आत?

क्रुसाच्या वाटेसाठी आमच्या खळ्याच्या कडेने चौदा चिरे मांडतो, पण वाट चालायची ती थोडी थोडी, एका संध्याकाळी दोन स्थानं, दिवा घेऊन, आणि प्रत्येक चिऱ्यावर पोरांनी समुद्रावरून आणलेलं काहीतरी, शिंपला, दगड, तुटक्या जाळ्याचा तुकडा. येशूचा चेहरा पुसणाऱ्या वेरोनिकाच्या स्थानाला धाकटी स्वतःचा रुमाल ठेवते, आणि तोच हवा, धुतलेला दुसरा चालत नाही. कोणी म्हणेल अर्धी वाट कशी चालता, तर चौदाचा आकडासुद्धा पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली पक्का केला, त्याआधी ठिकठिकाणी स्थानांची संख्या कमी-जास्त होती. पोरांसाठी आठवड्यावर वाटून घेतलं तर काही बिघडत नाही.

आणि गुड फ्रायडेला हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून तो फटक्यांचा सिनेमा लहान पोरांना दाखवणं कृपा करून बंद करा. भीतीने पोरं शांत बसतात म्हणून ते तुम्हाला भक्ती वाटतं. रात्री त्यांच्या शेजारी आम्ही झोपतो.

आता शिमगा. हा प्रश्न दर वर्षी येतो, पुढच्या वर्षी जोरात येणार. माका रंग खेळूचो आसा, पाप लागात काय? आमच्याकडचं उत्तर, नाही लागत. उपवासकाळात रंग खेळू नये असा चर्चचा कुठलाही नियम नाही, आणि शेजारणीने पुरणपोळी पाठवली तर ती घ्यायची, ताट रिकामं परत करायचं नाही, आपल्याकडनं चार कैऱ्या का होईना त्यात घालायच्या. ज्यांच्या घरी नाताळला आपण करंज्या आणि केक घेऊन जातो त्यांच्या दारात पालखी आली की आपलं पोर तोंड फिरवून उभं राहिलं तर तो कसला उपवास. फक्त गुड फ्रायडेचा दिवस पोरांनी स्वतःहून घरी राहावं, आणि ते राहतात, समजावून सांगितलं तर. उलट मी तर म्हणेन आपल्या भागात राहण्याचा हा फायदाच आहे. ह्या वर्षी राखेच्या बुधवाराला लागूनच रमजान सुरू झाला, शाळेतल्या डब्याच्या सुट्टीत पोरांच्यात चर्चा, तुझा रोजा, माझा उपास, तिची संकष्टी, कोण काय खात नाही आणि कधीपर्यंत. १९ मार्चला संत जोसेफचा सण आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले, मोठा म्हणाला आज आपल्याला पण सुट्टी ना त्यागाला, आणि गेला समोरच्या घरी श्रीखंड खायला. त्याला कोणी टोकलं नाही आणि टोकायची गरजही नव्हती.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, तुमच्या घरी होत असेल बाई, सगळ्यांच्या घरी होत नाही, म्हणून तर आम्ही हॉलमध्ये घेतो. हे खरं आहे, मी नाकारत नाही. किती घरांतले बाप शिपवर आहेत, गल्फमध्ये आहेत, आया दिवसभर कामावर, घरात फक्त म्हातारी माणसं. पण म्हातारी माणसं आहेत ना! त्यांनाच तर हे सगळं येतं, चुंबळ वळायला मला येत नाही, सासूबाईंना येते. त्यांना आपण उपवासकाळात काय काम देतो, तर पुढच्या बाकावर बसा. एका घरी जमत नसेल तर वाडीतली तीन-चार घरं मिळून एका खळ्यात करू द्या. आणि शिपवरचे बाप व्हिडिओ कॉलवर गल्ला बघतात, हलवून दाखवावा लागतो त्यांना, कितपत वाजतो ते.

मग तुमच्याकडून काय हवंय. शुक्रवारच्या मोठ्या क्रुसाच्या वाटेला लहान पोरं आली नाहीत तर रविवारी हजेरी घेऊ नका. राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी प्रवचनात दोन मिनिटं द्या आणि एक पान द्या, मराठीत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात, त्यात चौदा आणि अठराचा नियम लिहा, रविवारचं लिहा, आणि गेल्या वर्षीच्या सुकलेल्या झावळ्या परत आणायची आठवण लिहा, कारण त्याच जाळून राख होते हे निम्म्या पोरांना माहीत नाही. पोराने स्वतः तसबिरीमागून काढून आणून दिलेल्या झावळीची राख त्याच्याच कपाळावर लागली तर त्याला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी माडाची पाती वाडीवाडीत पोचवा, क्रूस वळायचं काम घरी होऊ दे, कमिटीने शंभर क्रूस एकसारखे करून वाटायची गरज नाही. पोरांचे वाकडे होतील, होऊ देत.

आणि गुड फ्रायडेच्या आदला गुरुवार. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाय धुणं आम्ही घरी सकाळी करतो, आईबाप पोरांचे आणि मग पोरं आजीचे, आजीला गुदगुल्या होतात आणि सगळा गंभीरपणा जातो, पण ते असो. संध्याकाळच्या मिस्सामध्ये मात्र एक जागा पोरांना द्या. मिस्साच्या पुस्तकातच सूचना आहे की त्या संध्याकाळी भाकर आणि द्राक्षारसाबरोबर गरिबांसाठीची दानंही मिरवणुकीने वेदीकडे आणता येतात. तर त्या वेळी पोरांना त्यांचे गल्ले स्वतः घेऊन पुढे येऊ द्या. आवाज होईल, एखादा पडून फुटेल, चिल्लर वेदीपर्यंत घरंगळत जाईल, कॉयरवाले वैतागतील. चालेल. आणि मग पैसे मोजून झाले की पोरांना सांगा कुठे गेले, कुठल्या कामाला, नाव नका घेऊ हवं तर, पण एवढं सांगा की एका घराचं छप्पर झालं, एकाच्या औषधाला गेले. आत्तापर्यंत पेटीत टाकलेल्या पैशांचं काय झालं ते पोरांना कोणी सांगितलेलं नाही, आणि खरं तर आम्हालाही नाही.

कुंभाराशी मी बोलले. तो म्हणतो फेब्रुवारीत गल्ले हवे असतील तर ऑर्डर नाताळच्या आधी द्या, नंतर त्याचा माठांचा सीझन सुरू होतो आणि मग तो कोणाचं ऐकत नाही. म्हणून हा विषय डिसेंबरच्या मीटिंगला नको, नोव्हेंबरच्या मीटिंगलाच घ्या. कुठल्या वाडीत दहा वर्षांखालची पोरं किती आणि गल्ले किती लागतील त्याची यादी मी काढून आणते, दोन आया आणखी तयार आहेत. ज्या घरांना परवडणार नाही त्यांच्या गल्ल्याचे पैसे झेरॉक्सच्या खर्चातून निघतील, मी हिशोब करून बघितलाय.

तुमच्याच धर्मग्रामातली,
दोन मुलांची आई